१ मे आणि बडोदे संस्थान: छोट्या प्रदर्शनात काय मांडावे?

दांडियाबाजारकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

येत्या १ मे रोजी बडोद्यातील आमच्या भागातले मराठी मंडळ महाराष्ट्र दिनाच्या नेहमीच्या कार्यक्रमाला जोडून एक लहानसे प्रदर्शन भरवणार आहे. मंडळाच्या सभागृहाच्या तीन भिंती, मधोमध चार-पाच टेबले आणि दोन दिवसांचा अवधी एवढाच आमचा पसारा आहे. दरवर्षी या दिवशी ध्वजवंदन, राज्यगीत, दोन भाषणे आणि जेवण असा क्रम ठरलेला असतो. त्याच दिवशी शहरात गुजरात स्थापना दिनाचे सरकारी सोहळे चालू असतात आणि आपल्यातील अनेक जण नोकरीच्या निमित्ताने सकाळी तिकडे व संध्याकाळी इकडे अशी हजेरी लावतात. या दोन्ही ठिकाणी एका तिसऱ्या राज्याची आठवण मात्र कोणी काढत नाही. १ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. ज्या तारखेला १९६० साली मुंबई राज्याची दोन राज्ये झाली, त्याच तारखेला, अकरा वर्षे आधी, आपले शहर राजधानी असायचे थांबले होते.

योगायोग एवढ्यावर संपत नाही. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थानाच्या अखेरच्या पर्वात दिवाणपदी आलेले डॉ. जीवराज मेहता हेच १ मे १९६० रोजी गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले, आणि त्यांचा जन्म अमरेलीचा, म्हणजे बडोदे संस्थानाच्याच मुलखातला. त्यांच्या पत्नी हंसाबेन मेहता या संस्थानाचे दिवाण मनुभाई मेहता यांच्या कन्या. १४ ऑगस्ट १९४७ च्या रात्री भारतीय स्त्रियांच्या वतीने संविधान सभेला राष्ट्रध्वज अर्पण करण्याचा मान त्यांना मिळाला आणि पुढे त्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू झाल्या. एवढी एक साखळी भिंतीवर नीट मांडली तरी १ मे हा दिवस बडोद्याला इतर कोणत्याही शहरापेक्षा जास्त जवळचा का आहे ते पाहणाऱ्याला कळेल.

आजवर आपल्याकडे झालेल्या प्रदर्शनांत लक्ष्मी विलास राजवाड्याचे भव्य छायाचित्र, तलवारी, जरीचे पोशाख आणि घराण्याची वंशावळ या गोष्टी हमखास असतात. त्या देखण्या असतात, यात शंका नाही. परंतु ते सर्व पाहून बाहेर पडणाऱ्याला हे राज्य चालत कसे होते याचा पत्ता लागत नाही. शाळा कशा निघाल्या, पिण्याचे पाणी कोठून आले, पुस्तके खेड्यात कशी पोचली, रयतेचा अर्ज कोणत्या लिपीत लिहिला जाई, दंड कोणाला होई, हे मांडण्याची माझी इच्छा आहे. कोणत्या विषयांना जागा द्यावी, कोणाच्या घरी दाखवण्याजोगे काय आहे आणि मांडणी कशी करावी, यांविषयी आपण मोकळेपणाने लिहावे.

सुरसागरकाठी

कल्पना उत्तम आहे. माझे म्हणणे असे की एक अख्खी भिंत शिक्षण आणि ग्रंथालये यांना द्यावी, कारण संस्थानाने जे केले त्यातले सर्वांत टिकाऊ काम तेच आहे. सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात प्रयोगादाखल सुरू झाले आणि १९०६ मध्ये कायदा होऊन ते संपूर्ण संस्थानात लागू झाले. मुलांसाठी ७ ते १२ आणि मुलींसाठी ७ ते १० अशी वयोमर्यादा होती, आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड होत असे. दंडाचा हा भाग जयंतीच्या भाषणांत सहसा येत नाही, पण तो ठळक अक्षरांत लिहावा. पेरणीच्या दिवसांत मुलगा शाळेत बसला म्हणून ज्याच्या शेतातले काम अडले, त्याच माणसाच्या खिशातून तो दंड जात होता. तेव्हा ही सुधारणा प्रत्येक घरात गोड मानून घेतली गेली असेल अशी समजूत करून घेण्याचे कारण नाही.

ग्रंथालयांची हकीकत तर मुलांनाही आवडेल अशी आहे. सयाजीराव महाराजांनी अमेरिकेतील ग्रंथालये पाहिली आणि विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला १९१० मध्ये बडोद्यास आणले. मध्यवर्ती ग्रंथालय, त्याखाली प्रांत, तालुके आणि गावे अशी उतरंड त्यांच्या काळात उभी राहिली, आणि जेथे ग्रंथालय नव्हते तेथे फिरत्या पेट्या जाऊ लागल्या. लाकडी पेटी, आत १५ ते ३० पुस्तके आणि नेण्या-आणण्याचा खर्च सरकारकडे, अशी ती व्यवस्था होती. अशी एक पेटी सुताराकडून करून घ्यावी, तिच्यात जुनी मराठी आणि गुजराती पुस्तके भरावीत आणि ती टेबलावर उघडी ठेवावी. काचेआड बंद करून ठेवली तर तिचे सगळे मर्म जाईल. लोकांनी पुस्तक बाहेर काढून चाळले पाहिजे.

सोबत मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयाच्या आतल्या भागाची छायाचित्रे लावता आली तर पाहा. पुस्तकांच्या लोखंडी मांडण्या मजल्यावर मजले चढवून उभ्या केल्या आहेत आणि वरचा उजेड खाली उतरावा म्हणून मधली जमीन जाड काचेची आहे. रोज तेथून ये-जा करणाऱ्या कित्येक बडोदेकरांनी ती कधी पाहिलेली नाही.

पाणीगेट

विषय गंभीर आहे हे मान्य. परंतु मे महिन्याच्या उन्हात माणूस घराबाहेर पडून सभागृहात येतो तो शाळेच्या कायद्याचे कलम वाचायला येत नाही, हेही आपण ध्यानात घ्यावे. थाटमाट अगदीच वर्ज्य करू नये. त्यातूनही इतिहास सांगता येतो.

उदाहरण द्यायचे तर मोत्यांचा गालिचा घ्या. खंडेराव महाराजांनी १८६५ च्या सुमारास हा गालिचा करवून घेतला. मदिनेच्या पैगंबरांच्या समाधिस्थानी तो अर्पण करावा असा त्यांचा हेतू होता असे सांगितले जाते. महाराज १८७० मध्ये वारले आणि गालिचा बडोद्यातच राहिला. पुढे तो परदेशी गेला आणि २००९ मध्ये दोहा येथील लिलावात सुमारे ५५ लाख डॉलरना विकला गेला. एका मराठा राजाने मदिनेसाठी मोत्यांचा गालिचा विणून घ्यावा, ही गोष्ट आजच्या दिवसांत कोणत्याही भाषणापेक्षा अधिक बोलकी आहे. त्याचे मोठे रंगीत छायाचित्र लावले तर त्याच्यापुढे गर्दी होईल, आणि ती गर्दी मग पुढच्या भिंतीवरचा शिक्षणाचा कायदाही वाचील.

दुसरी सूचना राजा रविवर्म्यांविषयी. लक्ष्मी विलास राजवाड्यासाठी त्यांनी १४ पौराणिक चित्रे काढली. फत्तेसिंह संग्रहालयात जाऊन त्यांची मूळ चित्रे पाहणारे थोडेच. पण त्यांच्या छापखान्यातून निघालेल्या सरस्वती-लक्ष्मीच्या तसबिरी आपल्या जुन्या घरांच्या माजघरात अजूनही टांगलेल्या आहेत. प्रत्येकाने घरची एक तसबीर आणावी. राजवाड्यातली कला देवघरापर्यंत कशी आली, हे त्यातून आपोआप दिसेल.

वाडीकर

आमच्याकडे दोन बाबाशाही (बडोदे संस्थानाचे) रुपये आणि काही तांब्याचे पैसे आहेत. प्रदर्शनासाठी देण्यास हरकत नाही, मात्र सहीची पावती आणि टेबलापाशी कायम एक माणूस हवा.

निळी शाई

वरील सर्व चर्चा वाचली. दंडाचा उल्लेख करण्याची सूचना आली याचे समाधान वाटले, पण तेवढ्याने भागणार नाही. 'आपले संस्थान' असे म्हणताना ते कोणाकोणाचे होते याचाही हिशेब भिंतीवर लागला पाहिजे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी बडोदे सरकारने शिष्यवृत्ती दिली, हे प्रत्येक प्रदर्शनात अभिमानाने लिहिलेले असते. करारानुसार नोकरी करण्यासाठी ते १९१७ मध्ये बडोद्यास आले तेव्हा काय घडले, हे मात्र पुष्कळदा अर्ध्या ओळीत उरकले जाते. कचेरीतले शिपाई त्यांच्या टेबलावर कागद लांबूनच टाकत. शहरात राहायला जागा मिळेना, म्हणून ते एका पारशी विश्रामगृहात उतरले. त्यांची जात कळताच काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना तेथून बाहेर काढले. त्यानंतर ते कमाटीबागेत (म्हणजे आजच्या सयाजीबागेत) एका झाडाखाली बसून राहिले आणि मुंबईला परत गेले. तीच जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते आणि दरवर्षी २३ सप्टेंबरला तेथे दूरदूरहून माणसे येतात. ज्या बागेत आपण लहानपणी झुकझुकगाडीत बसलो आणि प्राणी पाहिले, त्याच बागेतली ती जागा आपल्यापैकी कितींनी मुद्दाम जाऊन पाहिली आहे?

संस्थानाने अंत्यज, म्हणजे अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांसाठी शाळा काढल्या, परंतु तेथे शिकवायला हिंदू शिक्षक पुढे येईनात म्हणून मुसलमान शिक्षक नेमावे लागले, ही गोष्टही त्याच भिंतीवर असावी. महाराजांचा हुकूम पुढे होता आणि शहर मागे होते. ते शहर म्हणजे आपलेच आजे-पणजे होते, तेव्हा हा मजकूर सौम्य करून लिहिण्याचा मोह टाळावा.

दांडियाबाजारकर

निळी शाई, आपला मुद्दा पूर्णपणे मान्य आहे. शिष्यवृत्ती आणि १९१७ ची हकीकत एकाच फलकावर, सारख्याच आकाराच्या अक्षरांत येईल. मंडळातील एक-दोन ज्येष्ठांनी 'सणाच्या दिवशी हे कशाला' असे विचारलेही. त्यांना मी एवढेच सांगितले की शिष्यवृत्तीचे श्रेय घ्यायचे असेल तर पुढचा मजकूर गाळता येणार नाही.

पाणीगेट, गालिचाचे छायाचित्र घेऊ. राजवाड्याचे मोठे छायाचित्र मात्र घ्यावे की नाही, याविषयी माझा नकार अजून कायम आहे.

दप्तरखाना

मोडी कागदपत्रांच्या वाचनाशी माझा पुष्कळ वर्षांचा संबंध आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

वाडीकरांकडचे तांब्याचे पैसे रुपयांपेक्षा अधिक मोलाचे आहेत, बाजारभावाने नव्हे तर सांगण्यासारख्या गोष्टीने. जुने पैसे हाताने पाडलेले असत. त्यांची कड वाकडीतिकडी असते, ठसा निम्मा बाहेर गेलेला असतो, आणि तरीही एका बाजूला राजाच्या नावाचे नागरी आद्याक्षर आणि खाली वाकडी समशेर ओळखता येते. ही समशेर नुसती नक्षी नाही. 'सेनाखासखेल समशेर बहादर' हा गायकवाडांचा किताब, त्याची ती खूण आहे. नंतर सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत यंत्रावर पाडलेला पैसा आला. तो पुरता गोल आहे, त्याच्यावर घोड्याचा खूर आणि समशेर आहे, आणि साल विक्रम संवतातले आहे. दोन्ही नाणी एका काळ्या कापडावर शेजारी-शेजारी ठेवा आणि वर एक भिंग टांगा. पन्नास वर्षांत राज्यकारभार कोठून कोठे गेला, हे त्या दोन पैशांवरून शाळकरी मुलालाही समजेल.

कागदांविषयी माझी विनंती अशी. घरोघर जुने मोडी कागद असतात: गहाणखते, नेमणुकीचे हुकूम, पागेच्या हिशेबाचे तुकडे, सोयरिकीची पत्रे. लोक ते देवघराच्या पेटीत जपून ठेवतात आणि वाचता येत नसल्यामुळे प्रत्येक कागदाला 'सनद' समजतात. त्यातले चार-पाच निवडून मूळ कागदाची मोठी छायाप्रत, खाली नागरीत उतारा आणि त्याखाली आजच्या मराठीत मजकूर असे लावावे. वाचनाचे काम मी करून देईन. निवडताना राजाचे नाव असलेला कागद शोधू नका. कोठीच्या एखाद्या कारकुनाने तेलाचा किंवा दाण्याचा हिशेब लिहिलेला कागद मिळाला तर तो आधी घ्या.

खंडेरावांनंतर गादीवर आलेल्या मल्हारराव महाराजांविषयी कोणी लिहिलेले दिसत नाही. १८७५ चे प्रकरण अडचणीचे वाटते म्हणून प्रदर्शनांतून ते वगळले जाते, परंतु त्यावाचून पुढचे काहीच उलगडत नाही. रेसिडेंट, म्हणजे इंग्रज सरकारचे दरबारातील प्रतिनिधी, कर्नल फेर यांच्यावर विषप्रयोग केल्याच्या आरोपावरून महाराजांची चौकशी झाली. चौकशी मंडळात तीन इंग्रज आणि तीन हिंदी सभासद होते. हिंदी सभासदांत ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव होते. इंग्रज सभासदांनी आरोप शाबीत धरला, हिंदी सभासदांनी धरला नाही, आणि तरीही महाराजांना गादीवरून दूर करण्यात आले. कारण मात्र गैरकारभाराचे दिले गेले. एका संस्थानाच्या सार्वभौमत्वाची किंमत इंग्रजांच्या लेखी काय होती, हे याहून स्पष्ट दाखवणारा दुसरा प्रसंग आपल्या इतिहासात नाही. त्याच वर्षी खंडेरावांच्या विधवा जमनाबाई महाराणींनी कवळाण्याच्या गोपाळरावांना (पुढचे सयाजीराव महाराज) दत्तक घेतले आणि सर टी. माधवराव दिवाण म्हणून आले. सयाजीपर्वाची पहिली पायरी अशी एका पदच्युतीवर बसवलेली आहे.

नाशिकची लेक

मी लग्नानंतर बडोद्यास आले. माहेर मालेगावच्या बाजूचे असल्यामुळे कवळाण्याचे नाव वाचून आनंद झाला. आमच्याकडे सयाजीराव महाराजांची ओळख शेतकऱ्याच्या घरातून गादीवर गेलेला मुलगा अशी करून देतात आणि येथे त्यांची ओळख गादीवर बसल्यापासून सुरू होते. १ मे च्या निमित्ताने या दोन्ही बाजू जोडणारा एक नकाशा असावा असे वाटते: कवळाणे, बडोदे, आणि मध्ये तापीकाठचे सोनगड, जेथून पिलाजीराव गायकवाडांनी गुजरातेत आपले बस्तान बसवले.

माझी मुख्य सूचना वेगळी आहे. प्रदर्शन सभागृहातच संपू नये. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर, ऊन चढण्याच्या आत, मुलांना घेऊन एक फेरी काढावी: मांडवीपासून निघून न्यायमंदिर, सुरसागर, मग रावपुऱ्याकडून तांबेकरवाडा. तांबेकरवाड्यातली भित्तिचित्रे मी प्रथम पाहिली तेव्हा चकित झाले. बाहेरून साधा लाकडी वाडा दिसतो आणि आतल्या खोलीत भिंत, कोनाडे, दारांच्या वरची जागा, सगळे चित्रांनी भरलेले आहे. महाभारतातले प्रसंग, कृष्णकथा आणि त्यांच्याच शेजारी इंग्रजांच्या पलटणी. एकोणिसाव्या शतकातल्या एका मराठी घराला आपल्या भिंतीवर काय काय असावेसे वाटत होते, ते तेथे एका खोलीत दिसते. मुलांनी भिंतीला हात लावू नये एवढी ताकीद मात्र आधी द्यावी लागेल.

न्यायमंदिराविषयी एक शंका आहे. ते न्यायालयासाठी बांधले गेले की आणखी कशासाठी?

सुरसागरकाठी

बाजारासाठी. १८९६ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड एल्गिन यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले आणि पुढे तेथे न्यायालय आले. मधल्या दालनात सयाजीराव महाराजांच्या पहिल्या पत्नी चिमणाबाई महाराणींचा पुतळा आहे. त्यांच्याच स्मरणार्थ रावपुऱ्यातला घड्याळाचा मनोरा उभारलेला आहे. अलीकडे न्यायालय नव्या इमारतीत गेले. फेरी बाहेरूनच करावी लागली तरी घुमट आणि कमानी सुरसागराच्या बाजूने नीट पाहता येतात.

वेळ उरला तर फेरी कीर्तिमंदिरापर्यंत न्यावी. गायकवाड घराण्याचे हे स्मारक १९३६ मध्ये पुरे झाले आणि त्याच्या भिंतींवर नंदलाल बोस यांनी काढलेली गंगावतरण, मीरेचे जीवन आणि कुरुक्षेत्रावरील युद्ध ही चित्रे आहेत. शांतिनिकेतनातला चित्रकार एका मराठा घराण्याच्या स्मारकात गुजरातेत बसून भिंती रंगवतो, ही गोष्ट त्या काळच्या बडोद्यातच घडू शकत होती.

अमरेलीवाळा

मी गुजरातीभाषी आहे. शाळा बडोद्यात झाली आणि शेजार कायम मराठी राहिला, त्यामुळे येथे लिहिण्याचे धाडस करतो. लिहिण्यात उणेअधिक असल्यास सांभाळून घ्यावे.

आपली सर्व चर्चा बडोदे शहराभोवती आणि शहरातही चार-पाच पेठांभोवती फिरत आहे. संस्थान एवढेच नव्हते. बडोदे, कडी, नवसारी आणि अमरेली हे प्रांत आणि ओखामंडळ मिळून ते राज्य झाले होते. द्वारकाही त्यातच होती. या मुलखात मराठी बोलणारे लोक मूठभर होते. राज्य मराठ्यांचे, प्रजा गुजराती, हा सर्वांना ठाऊक असलेला मुद्दा प्रदर्शनात कोणी बोलून दाखवत नाही. माझ्या आजोबांच्या लेखी सरकार म्हणजे महाराज नव्हे, तर अमरेलीच्या कचेरीतला दक्षिणी (मराठी) वहिवाटदार, म्हणजे तालुक्याचा अधिकारी होता, आणि त्याच्याविषयीच्या घरातल्या गोष्टी सर्वच चांगल्या नाहीत.

दुसरे असे की संस्थानाची ओळख रुळांवरूनही सांगता येते. १८६२ मध्ये डभोई ते मियागाम हा अरुंद रुळांचा मार्ग सुरू झाला तेव्हा डबे बैल ओढत होते. इंजिने नियमितपणे १८७३ पासून धावू लागली. डभोई पुढे अरुंदमापी मार्गांचे मोठे जाळे असलेले ठिकाण झाले. पुस्तकांच्या पेट्या असोत की कापूस, खेड्यांना शहराशी जोडणारी वाट तीच होती. रेल्वेत नोकरी केलेल्या कुटुंबांकडे कंदील, पितळी बिल्ले, जुनी वेळापत्रके नक्की निघतील. आमच्या घरी एक कंदील आहे, तो मी आणून देतो.

आणि प्रत्येक फलकावरचा मजकूर मराठीबरोबर गुजरातीतही असावा, अशी आग्रहाची विनंती आहे. त्याच बडोद्यात १९१२ मध्ये निघालेले ग्रंथालयविषयक नियतकालिक इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत छापले जात होते. तेव्हा जमले ते आज तीन भिंतींपुरते जमायला हरकत नसावी.

पाणीगेट

अमरेलीवाळांची सूचना योग्य आहे, पण दोन भाषांतला मजकूर म्हणजे प्रत्येक फलकावर दुप्पट अक्षरे आणि निम्मी चित्रे. भिंती तीनच आहेत. माझ्या मते मराठी फलक भिंतीवर आणि गुजराती मजकुराची पुस्तिका दारात द्यावी.

अमरेलीवाळा

पुस्तिका दारात मिळाली म्हणजे गुजराती पाहुणा ती खिशात घालतो आणि चित्रे पाहून परत जातो. मजकूर निम्मा करा, पण तो भिंतीवर ठेवा.

काचपेटी

मी महाराजा सयाजीराव विद्यापीठात संग्रहालयशास्त्राची विद्यार्थिनी आहे. १९५२ मध्ये सुरू झालेला आमचा विभाग या विषयाचा देशातला पहिला विभाग आहे, आणि त्याच्याच शहरात घरगुती प्रदर्शने चिकटपट्टी लावून उभी राहतात हे पाहून वाईट वाटते. म्हणून थोडे व्यवहाराचे लिहिते.

भाषेच्या वादावर आधी. दोन भाषांत प्रत्येकी चाळीस-पन्नास शब्दांपेक्षा जास्त मजकूर एका फलकावर देऊ नये. उभा राहून माणूस त्याहून अधिक वाचत नाही, मग तो मराठी असो वा गुजराती. एवढ्या मर्यादेत दोन्ही भाषा आरामात बसतात. फलकाचा मध्य साधारण पावणेपाच-पाच फुटांवर येऊ द्यावा, आणि मुले येणार असतील तर नाणी व पेटी असलेली टेबले बुटकी घ्यावीत.

आता वस्तूंविषयी. मूळ मोडी कागद कृपया लावू नयेत, छायाप्रती लावाव्यात. मूळ कागद आणलेच तर त्यांना चिकटपट्टी, टाचणी, स्टेपल यांपैकी काहीही लागता कामा नये, आणि 'टिकावे म्हणून' त्यांचे लॅमिनेशन तर मुळीच करू नये, कारण ते पुन्हा सुटत नाही आणि आतला कागद कायमचा जातो. कागदावर नोंद करायचीच असेल तर मागच्या बाजूला मऊ शिसपेन्सिलीने, हलक्या हाताने करावी. जुनी छायाचित्रे आणि रविवर्म्यांच्या तसबिरी खिडकीसमोरच्या भिंतीवर टांगू नयेत. मे महिन्याच्या दोन दुपारीही रंगाला पुरेशा असतात. नाणी घासूनपुसून चकचकीत करून आणू नयेत. वाडीकर, ही विनंती खास आपल्याला: चिंच आणि राखेने लखलखीत केलेला पैसा दिसायला छान असतो, पण दप्तरखाना यांनी सांगितलेली समशेर त्या घासण्यातच पुसट होते.

प्रत्येक आणलेल्या वस्तूचे छायाचित्र मालकासमोर काढावे, पावतीवर वस्तूची स्थिती लिहावी, म्हणजे 'हा टवका आधीपासून होता की नव्हता' हा वाद नंतर निघत नाही.

मांडणीचा एक नमुना आपल्या शहरातच पाहायला मिळतो. सयाजीबागेतल्या बडोदे संग्रहालयाची इमारत १८९४ मध्ये पुरी झाली आणि चित्रदालन १९१४ मध्ये बांधून तयार झाले. परंतु युरोपातून यायची चित्रे पहिल्या महायुद्धामुळे अडकली आणि दालन १९२१ मध्ये खुले झाले. तेथे जाणारी बहुतेक मंडळी इजिप्तची ममी आणि मही नदीच्या मुखाशी १९४४ मध्ये सापडलेल्या देवमाशाचा प्रचंड सांगाडा पाहून बाहेर पडतात. अकोट्याच्या जैन कांस्यमूर्तींपुढे थांबणारे फार थोडे असतात. त्या मूर्ती याच शहराच्या भूमीतून निघाल्या आणि त्यांतल्या काही पाचव्या-सहाव्या शतकातल्या आहेत. देवमाशाची जागा बदलून चालणार नाही, परंतु त्याला पाहून निघालेल्या माणसाची पावले मूर्तींकडे वळतील अशी रचना करता येते. पाणीगेट यांचा गालिचा हा आपला देवमासा आहे. तो दारात लावू नका. शेवटच्या भिंतीवर लावा, म्हणजे त्याच्यापर्यंत जाणारा माणूस वाटेत बाकीचे पाहील.

निळी शाई

काचपेटी, उत्तम सूचना. १९१७ चा फलक मात्र कोपऱ्यात जाऊ नये एवढे पाहा.

दांडियाबाजारकर

सर्वांच्या सूचना मंडळाच्या बैठकीत मांडल्या. जे ठरले ते असे. दारातून आत येताच समोर १ मे १९४९ आणि १ मे १९६० या दोन तारखांचा फलक आणि त्याखाली संस्थानाचा नकाशा राहील. त्यात अमरेली, कडी, नवसारी, ओखामंडळ आणि कवळाणेही येईल. डाव्या भिंतीवर १८७५ चे प्रकरण, शिक्षणाचा कायदा आणि दंड, आणि भिंतीच्या अगदी मध्यावर १९१३ व १९१७ यांचा एकत्र फलक. उजवीकडे मोडी कागद, रेल्वे, आजव्याच्या तलावातून शहराला आलेले पाणी आणि शेवटी गालिचा. मधल्या टेबलांवर नाणी, कंदील आणि पुस्तकांची पेटी. मजकूर दोन्ही भाषांत, काचपेटी यांनी सांगितलेल्या शब्दमर्यादेत. गुजराती मजकूर अमरेलीवाळा पाहतील असे मी गृहीत धरतो. सयाजीराव महाराजांच्या दुसऱ्या पत्नी चिमणाबाई दुसऱ्या यांना जागा द्यायची राहिली होती, ती मंडळातील महिलांनी लक्षात आणून दिली. १९२७ मध्ये पुण्यात भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या त्या पहिल्या अध्यक्षा होत्या, तेव्हा हंसाबेन यांच्या शेजारी त्यांचा फलक राहील.

राजवाड्याच्या छायाचित्राविषयी बैठकीत बराच वाद झाला आणि माझा पराभव झाला. छायाचित्र लागेल, मात्र ते जेवणाच्या दालनात.

पेटीचे काम मात्र अडले आहे. सुतार म्हणतो की सागाची केली तर दोन माणसांना उचलवणार नाही आणि प्लायची केली तर जुनी दिसणार नाही. कोणाकडे जुनी लाकडी ट्रंक किंवा दुकानातली गल्ल्याची मोठी पेटी असेल तर कळवावे.

वाडीकर

आमच्या माळ्यावर सागवानी पेटी आहे, कडी-कोयंडा शाबूत आहे. पंचवीस पुस्तके सहज मावतील. नाण्यांबरोबरच आणतो; नाणी घासलेली नाहीत.

काचपेटी

पेटीला वाळवी किंवा कसर नाही ना, हे आधी पाहा, आणि ती आणण्यापूर्वी दोन दिवस सावलीत उघडी ठेवा. आत वर्तमानपत्र अंथरू नका. धुतलेले पांढरे सुती कापड घाला. पुस्तके उभी लावा, आडवी रचू नका, म्हणजे मुलांना एक काढताना बाकीची कोसळणार नाहीत.